तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच

दुःखात बुडालेल्या माणसाला ख्रिस्ती घरात सगळ्यांत आधी जो सल्ला मिळतो तो असा : विश्वास ठेव, रडू नको. सांगणाऱ्याचं मन चांगलंच असतं. पण बायबलमध्ये हा सल्ला मला कुठं सापडत नाही. लाजर मेला तेव्हा येशू त्याच्या कबरेकडे निघताना रडला, आणि तेही थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असताना. गेथशेमाने बागेत तर त्यानं तिघा शिष्यांना सांगितलं की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, इथंच थांबा, माझ्यासोबत जागे राहा. देवाच्या पुत्रालाही संकटाच्या रात्री सोबत लागली. मग आपण एकट्यानं, कोरड्या डोळ्यांनी सगळं सोसावं, ही अपेक्षा आली कुठून?

चांदूर बाजार तालुक्यातल्या, आणि एकूणच आपल्या वऱ्हाडातल्या, अशा वाचकांसाठी हा लेख आहे ज्यांच्या मनावर काही जुनं ओझं आहे आणि जे ख्रिस्ताकडे आशेनं पाहतात. त्यातले काही जन्मानं ख्रिस्ती असतील, काही परतवाडा-अचलपूरच्या किंवा अमरावतीच्या मंडळीत नुकते जाऊ लागले असतील, आणि काहींनी अजून चर्चची पायरीही चढली नसेल. ओझी मात्र सगळ्यांची ओळखीची आहेत. बोंडअळीनं गेलेली कपाशी, गळून पडलेला संत्र्याचा आंबिया बहार, डोक्यावरचं कर्ज, दारूनं मोडलेला संसार, आणि ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही असं एखादं अकाली मरण. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मागं राहिलेल्या बाईला तर दुःखाबरोबर लोकांची कुजबुजही सोसावी लागते. माझं म्हणणं एवढंच आहे, की ख्रिस्ती श्रद्धेत मन बरं होतं ते दुःख खरं-खरं बोलल्यानं. आधी देवाशी, मग एखाद्या माणसाशी, आणि गरज असेल तर डॉक्टरशी. यांपैकी एकही पायरी गाळू नये.

देवाशी बोलण्यापासून सुरुवात करू. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. त्यांतली जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. आपण उपासनेत बहुधा तेविसावं म्हणतो, एकशे एकविसावं म्हणतो, आणि तेराव्या किंवा अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राची पानं न वाचताच उलटतो. तेराव्यात स्तोत्रकर्ता देवाला पुन:पुन्हा विचारतो की अजून किती दिवस. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यात उजाडतच नाही. तरी ते शास्त्रात ठेवलेलं आहे, कुणी गाळून टाकलं नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं तेही अशाच एका विलापाचं, बाविसाव्या स्तोत्राचं, पहिलं वाक्य. देवाकडे तक्रार करणं हा अविश्वास असता, तर येशूनं मरताना ते शब्द उच्चारले नसते.

म्हणून पहिलं काम असं करा. रात्री घरातली माणसं झोपल्यावर, किंवा पहाटे शेतात जाण्याआधी, तेरावं स्तोत्र सावकाश वाचा. वाचता येत नसेल तर मोबाईलवर मराठी बायबल ऐकायला मिळतं, नातवाला लावून द्यायला सांगा. मग वही घ्या आणि आपलं स्वतःचं विलापस्तोत्र लिहा. पुस्तकी भाषेत लिहू नका. घरात जी बोली बोलता तिच्यातच लिहा. एक नमुना देतो :

‘देवा, कपाशी उभीच्या उभी गेली. बोंडं फोडून पाह्यली त अळीच अळी. सोसायटीचे पैसे कोठून भरू? रातभर डोयाले डोया लागत नाही. तू पाह्यतं का नाही? पाह्यत असशील त बोलत काऊन नाही? पोरीची फी तरी निघू दे. सध्या इतलंच सांगू शकतो.’

यात चार गोष्टी आहेत : देवाला नावानं हाक, काय झालं त्याचा साधा तपशील, मनातला राग जसाच्या तसा, आणि एक लहान, नेमकं मागणं. भरवशाचं वाक्य आपसूक आलं तर लिहा. न आलं तर ओढून आणू नका, उद्या येईल. पुष्कळ लोक इथंच अडखळतात. त्यांना वाटतं शेवट ‘आमेन, तुझे आभार’ असाच गोड व्हायला हवा. देवाला खोटे आभार नको असतात. शोकाच्या पहिल्या दिवसांत ‘सध्या इतलंच’ ही पुरेशी प्रार्थना आहे.

ही रीत परकी वाटायचं कारण नाही. आपल्याकडे वारकरी विठ्ठलाशी भांडतात, त्याच्यावर रुसतात. याच तालुक्यातल्या माधानचे संत गुलाबराव महाराज तान्हेपणीच अंध झाले आणि 1915 मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांची सारी वाणी देवाशी जवळिकीच्या नात्यातून आली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भजनं अभंगाच्या चालीवर बांधली, आणि तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणलं असं ते उघडपणे सांगत. ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची पुष्कळ गीतं आहेत. ज्याला प्रार्थनेचे शब्द सुचत नाहीत त्यानं त्यातलं एखादं गीत रोज संध्याकाळी म्हणावं. गळा नसला तरी चालेल. गाताना श्वास लांब होतो, छाती मोकळी होते, आणि घरातलं लेकरूही येऊन शेजारी बसतं.

आता वेळेबद्दल बोलतो, कारण माणसं इथंच सर्वांत जास्त खचतात. बाप्तिस्मा घेतला, प्रार्थना केली, आणि तरी रात्री छाती धडधडतेच, तेव्हा वाटतं आपला विश्वासच कच्चा. अशा वेळी पंडिता रमाबाईंचं आयुष्य डोळ्यांपुढं ठेवावं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात भटकंती आणि उपासमार सोसत असताना त्यांनी थोड्याच काळात वडील, आई आणि मोठी बहीण गमावली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये पती बिपिनबिहारी कॉलऱ्यानं गेले. तेव्हा रमाबाई चोवीस वर्षांच्याही नव्हत्या आणि कडेवर लहानगी मुलगी मनोरमा होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मनाला खरी शांती लाभली ती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ज्याच्या नावानं तो धर्म आहे तो ख्रिस्त अजून भेटला नव्हता, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ. सात भाषा जाणणारी, शास्त्र्यांशी वाद करणारी बाई, आणि तिलाही आठ वर्षं लागली. तुम्हाला आठ महिन्यांत बरं वाटलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

पुढं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातली भुकेली मुलं-बायका पाहायला रमाबाई गेल्या तेव्हा त्यांना आपलेच जुने दिवस आठवले. त्या आठवणीपासून त्या पळाल्या नाहीत. शेकडो मुलींना त्यांनी पुण्याजवळच्या केडगावला आणलं, त्यातून मुक्ती मिशन वाढलं, आणि ते आजही चालू आहे. जखम बरी झाल्यावरच दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं, असा नियम नाही. पण एक गोष्ट ध्यानात असू द्या : रमाबाई दुसऱ्यांचे अश्रू पुसायला निघाल्या त्याआधी त्यांनी स्वतःचं दुःख देवापुढं पुरेसं मांडलं होतं. आपलं दुःख विसरायचं म्हणून सेवेत उडी घेणारी माणसं वर्षभरात थकून बसतात. म्हणून आधी वही, मग सेवा. आणि सेवाही लहान असू द्या : आजारी शेजारणीला डबा, वस्तीतल्या एखाद्या पोराचा अभ्यास.

दुसरी पायरी माणसाची. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे बरे व्हाल, असा स्पष्ट उपदेश आहे. आमच्या मंडळ्यांत दुसरा अर्धा भाग जोरात चालतो आणि पहिला कुणी करत नाही. प्रार्थनासभेत विनंत्या मागितल्या की हात वर होतात : मुलाची नोकरी, गुडघेदुखी, घराचं काम. ‘मले जगावंसं वाटत नाही’ ही विनंती कुणी सांगत नाही. लहान गाव आहे. सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर पोचतं, ही भीती खोटी नाही.

म्हणून सगळ्या सभेपुढं बोलू नका. एक माणूस निवडा. कसा निवडावा? तो तुमच्यासमोर दुसऱ्या कुणाची खाजगी गोष्ट सांगतो का, ते आधी पाहा. सांगत असेल तर तुमचीही सांगेल. बाईनं बाईजवळ बोलावं : पाळकांच्या पत्नीजवळ, महिला मंडळातल्या एखाद्या वयस्क मावशीजवळ, कॅथलिक असाल तर सिस्टरजवळ. कॅथलिकांना फादरजवळ पापकबुलीची सोयही आहे आणि तिथं ऐकलेलं कधीही बाहेर सांगता येत नाही, असा चर्चचा कडक नियम आहे. पाळकांकडे जाणार असाल तर उपासना संपल्यावरच्या गर्दीत, दाराशी उभ्या-उभ्या विषय काढू नका. ‘पाळकसाहेब, मला अर्धा तास हवा आहे, कधी येऊ?’ असं आधी विचारा. भेटीत पहिल्यांदा फक्त काय घडलं ते सांगा. वचन, उपदेश, प्रार्थना नंतर होऊ द्या. ऐकणाऱ्यालाही एक विनंती : ईयोबाचे तीन मित्र सात दिवस-सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं. त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केली आणि बिघडलं. ‘देवाची इच्छा’, ‘काहीतरी पाप असेल’, ‘त्याहून वाईट झालं असतं’ ही वाक्यं तोंडावर आली तरी गिळून टाका. चहा करा, जवळ बसा, एवढंही चालतं.

कधी-कधी श्रद्धेमुळेच घर दुभंगलेलं असतं. नवरा सभेला जाऊ लागतो, बायकोच्या माहेरची माणसं येणं सोडतात, किंवा याच्या उलट होतं. यावर मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’हून चांगलं मार्गदर्शन माहीत नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या कित्येक वर्षं नातेवाइकांत वेगळ्या राहिल्या, आजारी पडल्या, जगणं नकोसं झालं. टिळकांनी पत्रं लिहिणं सोडलं नाही, आणि पुढं दोघं एकत्र आली तेव्हाही लक्ष्मीबाईंनी लगेच ख्रिस्ती व्हावं असा हट्ट धरला नाही. सोवळं-ओवळं, जात, पाणी या सगळ्यांशी त्या आपल्या मनानं झगडल्या आणि 1900 च्या सुमारास स्वतः निर्णय घेतला. ज्याच्या घरात असा ताण आहे त्यानं हे पुस्तक अवश्य वाचावं, आणि एवढं तरी आचरणात आणावं : घरच्यांवर सक्ती करू नये, त्यांच्या देवाला नावं ठेवू नयेत, सणाला ताटावर बसलेल्या आईचा अपमान करू नये. आपण शांत झालो आहोत हे घरच्यांना आपल्या वागण्यातून दिसतं. ते दिसायला वेळ लागतो, तो लागू द्यावा.

आता डॉक्टरबद्दल. या बाबतीत मी अजिबात मवाळ बोलणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, मरणाचे विचार येतात, कानात आवाज ऐकू येतात, यांतलं काहीही असेल तर प्रार्थनेसोबत डॉक्टरकडे जायचंच. एलीया संदेष्ट्याची गोष्ट पाहा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवल्यावर तो रानात झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. देवाची मंद वाणी त्याच्या कानी पडली ती या सगळ्यानंतर. पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता आणि पौल त्याला प्रेमानं तसंच म्हणतो. औषध घेणं म्हणजे विश्वासात कमी पडणं, हे कुठल्याही पानावर लिहिलेलं नाही.

आपल्याच परिसरात याचा पुरावा उभा आहे. परतवाड्याजवळ कोठारा इथं लेप्रसी मिशनचं रुग्णालय ब्रिटिश काळापासून आहे. कुष्ठरोग्याला घरातून, गावातून काढून टाकलं जाई त्या काळात तिथं ख्रिस्ताच्या नावानं माणसं जखमा धुवायला बसली. आज बहुविध औषधोपचारानं हा रोग प्रकाराप्रमाणे 6 किंवा 12 महिन्यांत बरा होतो आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. रोग्याला स्पर्श करणारा ख्रिस्त आणि गोळ्यांचं पाकीट देणारी नर्स एकाच इमारतीत असू शकतात. मग मनाच्या आजारात आपण दोघांत भांडण का लावावं?

मनाचे आजार आपल्या भागात उपचाराविना राहतात हेही आता मोजलं गेलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘द लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम 4.3 टक्के लोक कुणाकडून तरी मदत घेत होते. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी संवाद सुरू केल्यावर 18 महिन्यांत हे प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेलं. म्हणजे आपली माणसं बोलायला तयार आहेत, विचारणारं कुणी हवं असतं. प्रत्येक मंडळीत असा विचारणारा माणूस का नसावा, हा प्रश्न मी पाळकांना आणि पंचांना मनापासून करतो.

सोय कुठं आहे? चांदूर बाजारच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी दाखवा. पुढचा उपचार अमरावतीला जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या इर्विनमध्ये, मिळतो. घराबाहेर पडायचं धाडस नसेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे, दिवस-रात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. आत्महत्येचा प्रयत्न झालेल्या माणसाला पोलीस पकडतील या भीतीनं घरचे दवाखान्यात नेत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला तीव्र तणावाखालचा मानलं आहे आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. वेळ न घालवता न्या.

जो कुणी ‘गोळ्या बंद कर, नाहीतर तुझा विश्वास खोटा’ असं सांगेल त्याच्यापासून दूर राहा, मग त्याच्या हातात बायबल का असेना. प्रार्थनेचे पैसे मागणारा, बरं न वाटल्यास तुमच्याच पापावर बोट ठेवणारा, बाईला एकटीला आत बोलावणारा, भूत काढतो म्हणून मारहाण करणारा, ही सगळी धोक्याची चिन्हं आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. येशूनं बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेल्या बाईला बरं केलं तेव्हा तिच्याकडून काही घेतलं नाही. तिचं सगळं आधीच वैद्यांवर खर्च झालं होतं. उलट गर्दीत थांबून त्यानं तिला बोलू दिलं, तिचं सगळं खरं ऐकून घेतलं आणि तिला मुली म्हणून हाक मारली. आपल्या प्रार्थनासभेत आलेल्या बाईला असंच वागवलं जातं का, एवढं पाहिलं तरी कोणती सभा खरी हे कळतं.

क्षमेबद्दल मात्र घाई नको. क्षमा करायची आहे, प्रभूची प्रार्थना म्हणताना आपण ते रोजच कबूल करतो. पण ज्यानं मारलं त्याच्या हाती पुन्हा स्वतःला देणं म्हणजे क्षमा नाही. दारूच्या नशेत हात उगारणाऱ्या नवऱ्याकडे ‘क्षमा करून नांद’ असं सांगून बाईला परत पाठवणारे लोक ख्रिस्ताचं नाव वाया घालवतात. आधी ती आणि तिची लेकरं सुरक्षित हवीत. महिलांसाठी 181 हा क्रमांक आहे, तातडीला 112 आहे, आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायदा तिच्या बाजूनं आहे. क्षमा नंतर, दुरून आणि तिच्या वेळेनं होईल. कधी ती रोज थोडी-थोडी करावी लागते, सकाळी केलेली संध्याकाळी पुन्हा. त्यात अपयश काही नाही.

रविवार चुकवू नका. मन नसलं तरी जा, मागच्या बाकावर बसा, गाऊ नका, नुसतं ऐका. प्रभुभोजनाच्या वेळी मोडलेली भाकर हातात येते तेव्हा आपल्याला काही सिद्ध करावं लागत नाही, फक्त घ्यावी लागते. ज्यांचा अजून बाप्तिस्मा नाही त्यांनीही उपासनेला बसायला संकोच करू नये. प्रार्थना मागायला धर्म बदलावा लागत नाही, आणि तशी अट कुणी घातली तर तो ख्रिस्ताच्या वतीनं बोलत नाही.

एवढं वाचल्यावर आजच तेरावं स्तोत्र काढा, वहीत चार ओळी लिहा, आणि या आठवड्यात ज्याच्याशी बोलायचं त्या एका माणसाला फोन करून वेळ ठरवा. मरणाचा विचार मनात घोळत असेल तर वही बाजूला ठेवा आणि आत्ताच, ताबडतोब, 14416 लावा.